पोहोचखान्याचे यश मोजिले त्याची बखर

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. प्रथम नमन चुलीस, मग पळीस, मग त्या हातास की जो दुसऱ्याचे पान आधी वाढतो. शके सत्राशे एकाहत्तर, सौम्य नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून आश्विन शुद्ध द्वादशीपर्यंत एका राज्यात जे घडले ते येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहिले नाही. ज्यास ठाऊक आहे त्यास सांगणे नलगे, आणि ज्यास ठाऊक नाही त्याचे नावावाचून काही अडत नाही. पुढे कोणी पुसेल की पोहोचखाना म्हणोन जो कारखाना उभा राहिला त्याचे बरे चालिले की वाईट हे कशावरून ठरविले, तर त्यास उत्तर असावे, इतक्याचसाठी हा लेख.

त्या राज्याची राजधानी नदीच्या दोन्ही तीरी वसलेली. अलीकडे राजवाडा, कचेऱ्या, पागा, आणि मुलुखोमुलुखीहून आलेले कारकून, शिपाई, विणकर, की ज्यांस राहावयास घर होते परंतु घरात चूल पेटविणारे कोणी नव्हते. आणि पलीकडे जुनी वस्ती, की जेथे घरोघर सुगरणी, आणि त्यांच्या हातास ऐसी चव की वारा फिरला म्हणजे अलीकडचे कारकून लेखणी टाकून खिडकीशी जात आणि उभ्या उभ्या नाक वर करीत. ऐसे बहुत वर्षे चालिले की एका तीरी भूक, दुसऱ्या तीरी चव, आणि मधे नदी. मग चैत्री पाडव्याचे दिवशी खासा महाराज सज्जात उभे असता पलीकडून वांग्याच्या भरताचा वास आला, आणि महाराजांनी हरकारा धाडून ते भरीत आणविले आणि जेविले आणि तृप्त जाहले, आणि मग हात धुता धुता एकाएकी खिन्न होऊन बोलिले, "आम्हांस हरकारा आहे म्हणोन भरीत मिळाले. रयतेस हरकारा नाही म्हणोन रयतेने नुसता वास घ्यावा काय?" मग त्याच पावली आज्ञा जाहली की राज्यातील बाकी कारखान्यांत आणखी एक पोहोचखाना करावा, चौकोचौकी त्याची ठाणी बसवावी, भुकेल्याने ठाण्यावर येऊन अमक्या सुगरणीचे अमुक हवे ऐसे सांगावे, हरकाऱ्याने पूल ओलांडून जावे आणि झाकल्या टोपलीत अन्न घालून भुकेल्याच्या दारी पोहोचवावे. या कारखान्याचा दारोगा म्हणोन हैबतराव गवसे यांस वस्त्रे दिली. हैबतराव अंगाने भरदार, मनाने मोकळे, कामास उतावीळ, आणि जेवणाऱ्याचे तोंड पाहिले की स्वतःच्या पोटी संतोष पावणारे, ऐसे गृहस्थ.

राज्याचे दिवाण गिरमाजीपंत. ते पोहोचखान्याचे शत्रू नव्हते, परंतु सावध होते, आणि नवी गोष्ट दिसली म्हणजे तिच्याभोवती एक फेरी मारून मगच तिजपाशी जाणारे होते. त्यांनी भर दरबारी मुजरा करून विनंती केली की, "महाराज, पागेचे यश म्हणजे तयार घोडे, किल्ल्याचे यश म्हणजे न ढळलेला बुरूज. पोहोचखान्याचे यश म्हणजे काय? टोपल्या इकडून तिकडे धावल्या म्हणजे यश, तर ते वानरेही करितात." दरबार हसला. महाराज मात्र न हसता म्हणाले, "दिवाणजींचे बोलणे रास्त आहे. हैबतराव, तुम्हीच ठरवा. तुमच्या कारखान्याचे यश कशास म्हणावे हे तुम्हीच सांगावे, त्याचे माप तुम्हीच निवडावे, आणि येत्या दसऱ्याच्या दरबारी त्याच मापाने ते दाखवावे. दाखविले तर कायमची सनद. न दाखविले तर पोहोचखाना मोडला, आणि तुमचे सारे हरकारे हत्तीखान्यात चारा वाहतील." हत्तीखान्याचे नाव निघताच मागे उभ्या हरकाऱ्यांचे चेहरे उतरले. कारण त्या हत्तीखान्यात एक हत्तीण होती, ती चारा आणणाऱ्यास आधी सोंडेने हुंगीत असे आणि मनास आले तर त्याची पगडी खात असे.

मग हैबतरावांनी पुलाजवळच्या ठाण्यावर सारी मंडळी बसविली आणि म्हणाले, "बोला, कशास यश म्हणावे?" हरकाऱ्यांचे नाईक सटवाजी म्हणाले, "सरकार, पळणे मोजा. आमची पोरं वाऱ्यावानी पळत्यात." त्यावर सुगरणींतर्फे आलेल्या कुंभारआळीच्या बयजाबाई म्हणाल्या, "पळतील, आन् आमटी वाटंला पाजत जातील. पळण्याचं काय कौतुक? भांडी मोजा. सांजच्याला माझी भांडी रिकामी, तर काम झालं." सटवाजी म्हणाले, "बाई, भांडी मांजरानंबी रिकामी होत्यात." बयजाबाई म्हणाल्या, "मांजर परवडलं, नाईक. ते पिशवी घेऊन येत न्हाई." ऐसा बहुत वाद जाहला आणि मग हैबतरावांनी हात वर करून सांगितले की पळणेही नको आणि भांडीही नकोत, पोहोचखाना जेवणाऱ्याच्या सुखासाठी काढिला, तेव्हा माप त्याच्याच मुखीचे घ्यावे. हरकाऱ्याने जेवण जाहल्यावर टोपली परत आणावयास जावे, 'जेवण कैसे होते' ऐसे पुसावे, आणि चांगले म्हटले तर पुलाजवळच्या ठाण्यावरच्या रांजणात एक चिंचोका टाकावा, वाईट म्हटले तर एक खडा. चिंचोके जास्त तर यश. सर्वांस हे पटले, आणि कोणाच्याही ध्यानी आले नाही की ज्या राज्यात हे माप लाविले त्या राज्यात वाढून आलेल्या अन्नास नावे ठेवणे हे पाप समजतात, आणि जो तो मूल असल्यापासून हे शिकून मोठा जाहला आहे. ते स्वतःही तेच शिकलेले होते, म्हणोनच ध्यानी आले नाही.

मग वैशाखात काम सुरू जाहले आणि चिंचोके पडो लागले आणि ऐसे पडले की सटवाजी नाईकांनी रांजण पालथा करून पुन्हा मांडिला. साऱ्या वैशाखात एकच खडा निघाला. हैबतरावांनी तो हातात घेऊन विचारिले, "हा कोणाचा? या एकाचेच समाधान का जाहले नाही?" तेव्हा तो टाकणारा हरकारा पुढे येऊन म्हणाला, "सरकार, त्यांनीबी छानच म्हटलं. म्हणाले, जेवण छान होतं, भात तर फारच छान होता, आणि हा तुमचा खडा भातात राहिला होता तेवढा घेऊन जा." तो खडा हैबतरावांनी नदीत टाकिला आणि निर्धास्त जाहले, आणि दिवाणजींस निरोप धाडिला की राज्यात एकही जेवणारा असंतुष्ट नाही. परंतु ज्येष्ठ लागला आणि ठाण्यांवर येणारी माणसे कमी जाहली, आणि मग अधिकच कमी जाहली, आणि हरकारे पुलाच्या कठड्याशी बसून सोंगट्या खेळो लागले. आषाढात तर ऐसे जाहले की स्तुतीने रांजण भरलेला आणि मागणीवाचून ठाणे ओस. हैबतरावांस हे कोडे उलगडेना. मग ते स्वतः उठून भानुदास साळी म्हणोन एक विणकर होता त्याच्या घरी गेले. भानुदासाने मागावरून उठून त्यांस घोंगडी घातली, आणि मग ऐसे बोलणे जाहले.

"भानुदास, आमच्याकडचे जेवण मागविले होते. कैसे होते?"

"छान होते, दारोगासाहेब."

"आमटी गार तर नव्हती?"

"गार होती. पण छान गार होती."

"भाकरी?"

"भाकरी छानच. जरा वातड होती म्हणून दात पक्के आहेत की नाहीत हेही कळले. दोन कामे झाली."

"मग पुन्हा का मागविले नाही?"

भानुदास मागाच्या काठीवर हात टेकून हसला आणि म्हणाला, "साहेब, आईने सांगितले आहे, अन्नास नावे ठेवू नयेत. पण तेच अन्न पुन्हा मागवावे, ऐसे काही आईने सांगितलेले नाही."

हे ऐकून हैबतराव घरी आले ते खाली मान घालून, आणि पानावर बसले. त्यांची बायको ठकूबाई वाढावयास आली. तिने दुधी केला होता. हैबतरावांस दुधी लग्नापासून आवडत नसे आणि हे त्यांनी लग्नापासून कधी सांगितले नव्हते. तिने विचारिले, "कसा झालाय?" ते म्हणाले, "छान." तिने लगेच पळी पुढे केली आणि म्हणाली, "छान तर वाढू आणखी?" त्याबरोबर हैबतरावांचे दोन्ही हात आपोआप पानावर आडवे जाहले. ठकूबाई पळी तशीच धरून म्हणाली, "स्वारीचं तोंड छान म्हणतंय आणि हात वेशीचा दरवाजा लावतायत. यांतलं कोणाचं खरं मानू?" हैबतरावांनी आपल्या हातांकडे पाहिले आणि बराच वेळ पाहतच राहिले आणि मग मोठ्याने म्हणाले, "हातांचे! अहो, हातांचेच!" आणि अर्धे जेवण टाकून उठले. ठकूबाई मागून म्हणाली, "अगं बाई, इतका का वाईट झालाय?" परंतु ते पायरी उतरून गेलेही होते.

मग दुसरे माप लाविले ते ऐसे. 'कैसे होते' हे पुसणे बंद. ज्या घरी अन्न गेले त्या घरून पक्ष उलटण्याचे आत पुन्हा मागणी आली तर चिंचोका, न आली तर काही नाही. तोंडची स्तुती घ्यावी, नमस्कार करावा, परंतु रांजणात टाकू नये. हे माप चांगले होते यात शंका नाही. परंतु हरकाऱ्यांस हत्तीण दिसत होती आणि दसरा जवळ येत होता. आणि त्या राज्याची दुसरी एक चाल आहे की पंगतीत आग्रह करावा. एकदा नको म्हटले तर तो विनय समजावा, दोनदा नको म्हटले तर ती लाज समजावी, आणि तिसऱ्यांदा शपथ घालून वाढले म्हणजे नको म्हणणारा माणूस त्या राज्यात अद्यापि जन्मास आलेला नाही. तेव्हा सटवाजी नाईकांनी दारोग्यांस न विचारता हरकाऱ्यांस सांगितले, "ठाण्यावर वाट कशाला बघता? दारोदार जा. आग्रह करा." मग श्रावणापासून हरकारे दारोदार जाऊन म्हणो लागले, "काका, एक पान मागवाच." काका म्हणत, "आज नको." हरकारा म्हणे, "माझ्यासाठी." काका म्हणत, "पोट बरे नाही." हरकारा उंबऱ्यावर बसून म्हणे, "तुम्हांला माझ्या गळ्याची शपथ आहे," आणि काका मागवीत. मग रांजण भरला, दुसरा आणविला, तोही भरला. भाद्रपदात चिंचोके ठाण्याबाहेर सांडून गेले आणि लोक लांबून पाहावयास येऊ लागले, आणि दिवाण गिरमाजीपंत स्वतः येऊन रांजणाभोवती एक फेरी मारून परत गेले. हैबतराव हर्षले. परंतु त्याच पंधरवड्यात वैद्यांनी तक्रार केली की नगरात ओवा मिळेना, आणि पलीकडे बयजाबाईंनी चुलीत पाणी ओतून सांगितले, "काय वो दारोगा, मी माणूस हाय का गुऱ्हाळ? पहाटपासून थापते हाय, पाठ लावायला सवड न्हाई. आन् टोपल्या परत येत्यात त्या निम्म्या भरलेल्या! माझं अन्न उष्ट्यात जायचं असलं तर उद्यापून चूल बंद." तिच्यामागे आळीतल्या आणखी सुगरणींनी चुली बंद केल्या. आणि त्याच दिवशी हैबतराव कचेरीमागच्या गल्लीतून येत असता त्यांनी एक पोक्त कारकून मागल्या भिंतीवर चढलेला पाहिला, धोतराचा सोगा दातात धरलेला आणि जोडे हातात.

हैबतरावांनी विचारिले, "काय रावसाहेब, चोरी करता की काय? हे तर तुमचेच घर."

कारकुनाने भिंतीवरूनच हात जोडले आणि हळूच म्हणाला, "हळू बोला हो. पुढच्या दारी तुमचा हरकारा बसलाय. शपथ घातली तर मला जेवावं लागेल, आणि मी आत्ताच जेवलोय. काल दोनदा जेवलो."

"मग नको म्हणून का सांगत नाही?"

"तिसऱ्यांदा?" कारकून भिंतीवर डळमळला. "तिसऱ्यांदा नको म्हणायला मी काय जनावर आहे?"

हे पाहून हैबतराव ठाण्यावर आले आणि सटवाजी नाईकांस बाजूस घेऊन म्हणाले, "नाईक, आग्रह बंद करा." नाईकांचा चेहरा पांढरा जाहला. ते म्हणाले, "सरकार, दसरा तोंडावर हाय. आत्ता बंद केला तर रांजण रिकामा. दिवाणजी रांजण बघून गेल्यात, तेंच्या तोंडचं पाणी पळालंय. सनद हातात आली म्हणून समजा. दसऱ्यापतूर गप ऱ्हावा, मग काय ते करा." हे बोलणे खोटे नव्हते, आणि हैबतरावांसही ते ठाऊक होते. भरलेला रांजण दाखविला असता तर सनद होती आणि हरकाऱ्यांच्या पगड्या शाबूत होत्या. ते रांजणाच्या काठावर बसले आणि मूठभर चिंचोके वर उचलून बोटांतून पुन्हा आत सोडीत राहिले, आणि मग म्हणाले, "नाईक, आपण या लोकांस जेवू घालावयास निघालो होतो. ते आपल्यास भिऊन भिंतीवरून उड्या मारू लागले. ज्या मापाने हेही यशच दिसते ते माप मी महाराजांपुढे ठेवणार नाही." नाईक म्हणाले, "मंग मला हत्तिणीसाठी एक जुनी पगडी तरी बघून ठेवू द्या."

मग तिसरे माप जाहले आणि ते शेवटचे. जो माणूस कोणी न बोलाविता, कोणी शपथ न घालता, आपल्या पायांनी ठाण्यावर येऊन पुन्हा मागेल, त्याचाच चिंचोका. आणि त्यासोबत आणखी दोन गोष्टी पाहाव्या ऐसे ठरले. सुगरणीने दुसरे दिवशी आपखुशीने चूल पेटविली की नाही, आणि हरकारा दुसरे दिवशी आपखुशीने कामावर आला की नाही. जेवणाऱ्याचा रांजण भरत असला आणि या दोहोंतले एकही ढिले पडले असले तर तो भरणे यश समजू नये. हैबतराव म्हणाले, "चुलीस तीन दगड लागतात. एक काढून दुसरा कितीही मोठा लाविला तरी भांडे कलंडते." हे बयजाबाईंस इतके पटले की त्या म्हणाल्या, "आत्ता कसं शान्यावानी बोललात," आणि चूल पुन्हा पेटविली. आणि मग माप हाती आल्यावर चुकाही दिसो लागल्या. आमटी गार का होते हे पाहावयास हैबतराव स्वतः टोपली घेऊन पूल चालून गेले, आणि वाऱ्याने होते ऐसे कळले, मग टोपल्यांत भाताचा पेंढा भरून त्यात भांडी बसविली आणि आमटी ऊन राहो लागली. तांदूळ दोनदा निवडावे ऐसे ठरले. भाकरी आधी थापून ठेवू नये, हरकारा दारी दिसला की मगच तव्यावर टाकावी, त्यास थोडा वेळ लागला तरी चालेल, ऐसे ठरले, आणि जेवणाऱ्यांनी या उशिरास एका शब्दाने नावे ठेविली नाहीत, आणि या खेपेस त्यांचे पायही तसेच बोलिले. परंतु रांजण हळू भरत होता, फारच हळू, आणि दसऱ्याचे दिवशी तो पोटाच्या वर आला नव्हता.

आश्विन शुद्ध दशमीस दरबार भरला. आपट्याची पाने वाटिली, मुजरे जाहले, आणि मग पोहोचखान्याचा रांजण मध्यभागी आणून ठेविला. गिरमाजीपंत दिवाणांनी त्यात डोकावून पाहिले आणि म्हणाले, "महाराज, वैशाखात हा भरला होता. भाद्रपदात हा भरून बाहेर सांडला, हे मी या डोळ्यांनी पाहिले. आज हा अर्धा. जे अर्ध्यावर आले त्यास यश म्हणण्याची चाल दुसऱ्या कोणत्या राज्यात असली तर मला ठाऊक नाही." दरबारात कुजबूज जाहली. हैबतराव पुढे आले आणि त्यांनी पहिल्यापासून सारे सांगितले, खडा नदीत टाकिला तेही सांगितले, कारकून भिंतीवर होता तेही सांगितले, कोणाचे नाव घेतले नाही, तरी मागे एका पोक्त कारकुनाने पगडी कपाळावर ओढून घेतली. आणि म्हणाले, "महाराज, भरला होता तो स्तुतीने आणि भिडेने. अर्धा आहे तो भुकेने. मी हाच दाखविणार." महाराज विचारात पडले आणि म्हणाले, "पंगत होऊ द्या. निवाडा पानावर करू."

आता दसऱ्याच्या पंगतीची त्या राज्यात ऐसी रीत होती की खासा महाराज आपल्या हातांनी सुरणाची खीर करीत, ती त्यांनीच बसविलेली, आणि पळी घेऊन स्वतः वाढीत, आणि सारे सरदार 'अमृत, अमृत' म्हणत आणि दोन दोन वाट्या घेत. त्या दिवशीही ती वाढिली आणि अमृत अमृत जाहले, आणि महाराज पळी घेऊन हैबतरावांच्या पानापुढे थांबले आणि म्हणाले, "दारोगा, तुम्ही म्हणता तोंडची स्तुती मोजू नये, आग्रहाची मागणी मोजू नये. आमच्या या खिरीस सारा दरबार वर्षानुवर्षे अमृत म्हणतो आणि दुसरी वाटी घेतो. तेही मोजू नये काय?" वाढप्याच्या हातातून मीठ सांडले. खांबाआड उभे असलेले सटवाजी नाईक मोठ्याने खोकले, आणि त्या खोकल्याचा अर्थ हैबतरावांस पुरता कळला. 'खिरीची गोष्ट निराळी' इतके तीन शब्द बोलिले असते तर सनद होती. हैबतरावांनी पानापुढे हात जोडिले आणि म्हणाले, "महाराज, पळी खाली ठेवावी आणि आमच्यासोबत पानावर बसावे. आग्रह करू नये. पाहावे, कोण मागतो ते."

महाराजांनी पळी खाली ठेविली आणि पाटावर बसले. मग सारी पंगत ऐसी सावकाश जेवू लागली की चावण्याचा शब्द ऐको येई. कोणी पापड मोडीत होता, कोणी ताटातले लिंबू न्याहाळीत होता. खीर कोणी मागेना. महाराजांची नजर एकेकावरून फिरत दिवाणजींवर आली. राज्याची लाज राखावी म्हणोन त्यांनी धीर करून वाटी पुढे केली आणि म्हणाले, "मला... मला थोडी आणखी वाढावी." वाटी पुढे आली आणि साऱ्यांनी पाहिले की ती अजून काठोकाठ भरलेली होती. महाराजांनी ती वाटी दिवाणजींच्या हातून घेतली. वाढणारा सर्वांच्या शेवटी जेवतो, आणि तोवर आग्रहाने पातेले नेहमी रिकामे होई, म्हणोन महाराजांनी आपली खीर आजवर कधी चाखिली नव्हती. त्यांनी एक घोट घेतला. मग तो घोट तोंडात तसाच धरून ते बहुत वेळ समोर पाहात राहिले, आणि मग मोठ्या कष्टाने गिळून म्हणाले, "अरे, हे तुम्ही इतकी वर्षे कैसे खाल्ले?"

शेजारी बसलेले एक वृद्ध सरदार नम्रपणे म्हणाले, "महाराज, छान होते."

त्यावर महाराज हसले, आणि ऐसे हसले की तुरा हलून पानात पडला, आणि महाराजांस हसताना पाहून दरबार हसला, आणि गिरमाजीपंतही हसले, कारण त्यांची वाटी गेली होती. मग तेच वृद्ध सरदार धीर येऊन म्हणाले, "महाराज, रागावणार नसाल तर थोडे वरण मिळेल काय? वरण उत्तम झाले आहे." आणि महाराज स्वतः उठले आणि वरणाचे पातेले घेऊन धावले, आणि त्या दिवशी पंगतीत वरण तीनदा शिजवावे लागले, कारण मागणारे थांबेनात. हात धुऊन महाराजांनी निवाडा केला की हैबतरावांचे माप खरे, अर्धा रांजण खरा, पोहोचखान्यास सनद द्यावी, हत्तीखान्यास दुसरी माणसे पाहावी, आणि खीर आजपासून बंद.

सनदेस शिक्का जाहला आणि दुसरे दिवशी एकादशी आली. त्या दिवशी ठाण्यावर सकाळपासून कोणीही आले नाही. हैबतराव वाट पाहात बसले, हरकारे बसले, रांजण बसला. दुपारी गिरमाजीपंत फिरत आले, ओस ठाणे पाहिले, सवयीप्रमाणे रांजणाभोवती एक फेरी मारिली आणि म्हणाले, "सनद ताजी आहे आणि अंगण मोकळे. दारोगा, आज एक हाक मारायला हरकत नाही. आजच्यापुरती." हैबतराव म्हणाले, "दिवाणजी, आज नगराचा उपास आहे. आज जो येत नाही तो बरोबर करतो." परंतु दिवाणजी गेल्यावर हैबतराव पुन्हा पुन्हा पुलापाशी जाऊन वाट पाहात राहिले, ते बयजाबाईंनी पलीकडून पाहिले आणि निरोप धाडिला की, "दारोगांस्नी सांगा, मी उद्या पहाटंच चूल पेटवते. कुणी सांगितलं म्हणून न्हाई. मला आपलं वाटलं." मग द्वादशी उजाडली. पारणे सकाळी लवकर सोडावयाचे असते आणि एकट्या माणसास पहाटे उठून चूल पेटविणे जड जाते. सूर्य वर येण्याआधी पुलावर धुके होते, आणि त्या धुक्यातून पहिल्याने एक शिपाई आला, आणि मग एक विणकर, आणि मग एक कारकून, आणि मग इतके की ठाण्याचे अंगण पुरेना, सारे जण स्नान करून, भुकेले, ताजेतवाने. हैबतरावांनी कोणास काही पुसिले नाही. ते उठून सर्वांस वाट देत राहिले. यांपैकी कोणासही कोणी बोलाविले नव्हते.

सारांश, कारखाना कोणताही असो, आधी तो कोणाच्या पोटासाठी काढिला हे ठरवावे, मग त्याचे माप ठरवावे, आणि माप भरू लागले म्हणजे ते कशाने भरते हे वाकून पाहावे. माणूस आईने शिकविले ते बोलतो, आणि पाय भूक नेते तिकडे जातात; कारभाऱ्याने बोलण्यास नमस्कार करावा आणि पायांची वाट पाहावी. त्या राज्यात पुढे बहुत वर्षे पोहोचखाना चालिला, सुगरणी सुखी, हरकारे सुखी, जेवणारे सुखी. वाचणारा भुकेला असेल तर त्याने हा लेख येथेच मिटून आधी जेवावे. इति.